बाजाराच्या दिवशी एक गोळी

आठवड्याला दिवस सात असतात, याबाबत विज्ञान, धर्म आणि शासन या तिघांचे एकमत आहे. (असे विषय फार नाहीत.) आठवड्याला बाजार किती असतात, हे मात्र आपण कोणाला विचारतो यावर ठरते. त्वचारोगशास्त्राला हे अलीकडेच कळले.

बाबाराव बांगड्या विकतात. नुसत्या विकत नाहीत, भरून देतात. गेल्या वर्षी त्यांच्या हातांना इसब झाला. तळवे फुटले, पाझरू लागले. बायका दुरूनच "बांधून द्या जी, घरीच भरतो" म्हणू लागल्या. बांगडीवाल्यापुढे कोणी हात करत नसेल, तर तो फक्त काच वाहून नेणारा इसम उरतो.

मलमे हरली, तेव्हा डॉ. गुंजन मॅडमनी रक्त तपासून मिथोट्रेक्सेट सुरू केले. ही गोळी संधिवातावर देतात. इसबावरही चालते, पण पाकिटातल्या कागदावर इसबाचे नाव नसते. मॅडमनी हे प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर बाबारावांच्या पत्नी वच्छलाबाई म्हणाल्या, "म्हंजे दुसऱ्याच्या लग्नात जेवाले बसवून राह्यल्या तुमी आमाले." अशा कागदाबाहेरच्या वापराची इतकी नेमकी व्याख्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलते, रक्तपेशी घटतात आणि माणूस इसबासकट जातो. मॅडमनी हेही बजावले. मात्र 'रुग्णाशी रुग्णाच्या भाषेत' हे प्रशिक्षण नुकतेच झाल्यामुळे 'साप्ताहिक' हा बोजड शब्द टाळून त्या म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी एक गोळी घेजा."

सूचना निर्दोष होती. कोणत्याही गावात बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. बाबाराव मात्र कोणत्याही एका गावात बसत नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी केळझरला गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी सिंदीला दुकान मांडून पाणी मागितले.

"काऊन जी, कालच तं घेतली नं गोळी?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"काल केळझरचा बाजार होता. हा सिंदीचा होय."

"अन् उद्या?"

"उद्या आंजी."

"अन् परवा तुमची तेरवी!"

तोवर गोळी पोटात गेली होती. वच्छलाबाईंनी उरलेले पाकीट कमरेला खोचले आणि दवाखान्यात फोन लावला. मॅडम फोनवरच ओरडल्या. त्याच दिवशी रक्त तपासले, निभावले. मग मॅडमनी सूचना सुधारली: "ज्या दिवशी बाजार नसन, त्या दिवशी घेजा." बाबारावांच्या आठवड्यात असा दिवस एकच होता. काही महिन्यांत तळवे असे निवळले, की केळझरला एका नवऱ्या मुलीने कोपरापर्यंत हात पुढे केला. बाबारावांनी आनंदाच्या भरात दोन बांगड्या फोडल्या.

या यशाची दखल वरपर्यंत घेतली गेली. तज्ज्ञ समितीने आकडेवारी तपासली: जुनी सूचना शंभर टक्के अपयशी, नवी शंभर टक्के यशस्वी. (रुग्णसंख्या दोन्हीकडे एक.) म्हणून सर्वांसाठी पत्रक निघाले: 'बाजार नसेल त्या दिवशी एक गोळी.' बाकीच्यांच्या आठवड्यात असे दिवस सहा असतात, हा मॅडमचा आक्षेप 'स्थानिक स्वरूपाचा' म्हणून नोंदवण्यात आला.

तरीही खबरदारी म्हणून समितीने रुग्णांना विचारले, "समजले का?" सगळ्यांनी मान डोलावली.

आपण हसलात, हे ठीकच. पण गेल्या खेपेला डॉक्टरांनी आपल्यालाही हेच विचारले होते. आपल्या मानेची नोंद समितीकडे आहे.