टोरोंटो ते केळझर, प्रशासकीय कारणास्तव

शरयूताई गेल्या हे त्यांच्या एकतीस माणसांना कळलं, त्या दिवशी त्यांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. आणि मधल्या काळात त्यांनी बारा जणांच्या बदल्या केल्या होत्या, चौघांना कारणे दाखवा नोटीस दिली होती आणि एका नवरदेवाची रजा नामंजूर केली होती!

हे सगळं केलं महादेवरावांनी. महादेवराव म्हणजे त्यांचे यजमान. वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत, आस्थापना शाखेत, चौतीस वर्षं काढलेला माणूस. नेमणुका, बदल्या, रजा, नोटिसा. मुलीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा त्यांनी व्याह्यांना ‘उपरोक्त विषयान्वये’ असं पत्र लिहिलं होतं.

शरयूताई शाळेत ग्रंथपाल होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी चार ओळखीच्या मुलांना धरून ‘ग्रंथखूण’ नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं. गावोगावच्या लहान वाचनालयांनी त्यात पुस्तकांची नोंद ठेवायची. पैसे लागत नाहीत. आतलं सगळं लिखाण, म्हणजे प्रोग्राम, जगाला उघडं. कोणीही यावं, वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करून द्यावी. चारांचे एकतीस झाले. पगार कोणालाच नाही. त्यांना गोळा करणं, कोणाला काय जमेल ते ओळखणं, रुसलेल्याला परत आणणं, हे शरयूताईंचं काम. महादेवरावांना वाटायचं, बायको लॅपटॉपवर भजनाच्या मैत्रिणींशी बोलते!

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी मोठा फोटो करायला द्यायचा म्हणून त्यांनी तिचा लॅपटॉप उघडला. समोर चौसष्ट निरोप! ‘ताई, हे तपासून द्याल?’ ‘ताई, नवी आवृत्ती महिनाअखेरीला जाणार ना? चाळीस वाचनालयं वाट बघताहेत.’ ‘ताई, कुठे आहात?’

महादेवराव खुर्चीतून अर्धे उठले. आष्टीहून बहीण आली होती, विमलाबाई. ती स्वयंपाकघरात तूर निवडत होती.

“विमल! शरयूच्या हाताखाली एकतीस माणसं होती वो!”

“मंग? चांगलंच हाय ना.”

“चांगलं काय? साहेब गेला का ऑफिस आठ दिवसांत मोडते. हे लोक पांगले तं तिचं अकरा वर्षांचं काम गेलं ना बाई!”

“पण दादा, तुले ते कॉम्प्युटरचं जमते का?”

“कॉम्प्युटर त्यायले येते. माणसं मले येतात! साडेचारशे लोक सांभाळले म्या. एकतीस म्हणजे हातचा मळ!”

आणि महादेवराव कामाला लागले.

प्रथम सेवाज्येष्ठता यादी. ती करताना त्यांना दुसरा धक्का बसला. बेंगळुरूचा योगेंद्र सात वर्षं एकाच टेबलावर! प्रोग्रामच लिहितो आहे! नागपूरची चारुता सहा वर्षं फक्त मराठी वाक्यं नीट करते आहे! सरकारी नियमाने तीन वर्षं झाली की टेबल बदललंच पाहिजे, नाहीतर माणूस त्या टेबलाचा मालक होतो. शरयूने हे चालू कसं दिलं? तिच्या जागी दुसरा कोणी असता तर महादेवरावांनी त्याची चौकशीच लावली असती.

त्या दिवशीच आदेश सुटले. योगेंद्रने प्रोग्राम सोडून वाचनालयांचे फोन घ्यावेत. चारुताने वाक्यं सोडून प्रोग्राम लिहावा. टोरोंटोत राहणारा सुश्रुत नकाशे, चित्रं वगैरे करायचा. त्याचं टेबल कुठे आहे ते महादेवरावांना नीट कळलं नाही, म्हणून त्याची बदली सरळ वर्ध्याजवळच्या केळझरच्या वाचनालयात! प्रशासकीय कारणास्तव.

उत्तरं आली. ‘ताई, सगळं ठीक आहे ना?’

महादेवरावांनी थोडा विचार केला. त्यांच्या ऑफिसात बाई अधिकारी आली तरी सगळे तिला साहेबच म्हणत. इथे खुर्चीलाच ताई म्हणत असतील! आणि शरयू गेल्याचं तर सगळ्यांना ठाऊकच होतं. पेपरात फोटोसकट दिलं होतं. वर्धा आवृत्ती टोरोंटोत जात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

‘ठीक आहे,’ त्यांनी लिहिलं. ‘रुजू अहवाल तात्काळ सादर करावा.’

आणि आश्चर्य म्हणजे, टोरोंटोचा सुश्रुत सोडला तर सगळे रुजू झाले! एकानेही कुरकुर केली नाही. साडेचारशे माणसांत त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. बदली म्हटलं की निम्मे लोक आजारी पडत आणि उरलेले आमदाराकडे जात.

चौथ्या दिवशी चारुताच्या प्रोग्राममुळे चाचणीच्या प्रतीत अकराशे पुस्तकं रामाजी नावाच्या एकाच वाचकाच्या नावावर चढली. अकराशे पुस्तकं! महादेवरावांनी रामाजीला ताबडतोब नोटीस काढली. हा रामाजी अस्तित्वातच नव्हता. चाचणीपुरतं बनवलेलं नाव होतं ते.

शरयूताई गेल्यापासून तेविसाव्या दिवशी सकाळी दहाला दारात एक तरुण उभा. पाठीवर पिशवी, डोळे लाल, पायात बर्फातले बूट.

“नमस्कार. मी सुश्रुत. केळझरला रुजू व्हायला आलोय. म्हटलं आधी ताईंना भेटावं.”

महादेवरावांची छाती फुगली. “पाह्यलं, विमल? टोरोंटोहून माणूस रुजू झाला! याले म्हणतात प्रशासन!”

“ताई कुठे आहेत?” सुश्रुत म्हणाला. आणि त्याची नजर बैठकीतल्या फोटोकडे गेली. फोटोला हार होता.

तो बुटांसकट खालीच बसला.

“तुम्हांला माहीत नव्हतं?” महादेवराव चाचरले. “पेपरात दिलं होतं...”

“पण ताईंनी परवा मला लिहिलंय!” त्याने मोबाइल पुढे केला. शरयूताईंचा गोल फोटो, हसरा, आणि खाली: ‘मुदतीत रुजू न झाल्यास आपणाविरुद्ध कारवाई प्रस्तावित करण्यात येईल.’

महादेवरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. फोटो तोच होता. प्रत्येक आदेशावर तोच.

“हे सगळं तिच्या नावानं गेलं?”

“अकरा वर्षांत ताईंनी कधी ‘कर’ म्हटलं नाही हो,” सुश्रुत म्हणाला. “‘जमलं तर बघ’ म्हणायच्या. पहिल्यांदा आदेश आला. वाटलं, काहीतरी फार मोठं असणार. म्हणून मी विमानात बसलो. म्हणून सगळ्यांनी ऐकलं.”

विमलाबाईंनी कपाळाला हात लावला. “मेलेल्या बाईच्या हातानं नोटिसा काढल्या काऊन रे दादा?”

दुपारी सुश्रुतने सगळ्यांना जोडून दिलं. पडद्यावर तीस चौकटी, तीस चेहरे; एकतिसावा शेजारी बसलेला. महादेवराव उठून उभे राहिले. चौकशी समितीपुढे उभं राहायचं असतं, बसायचं नसतं.

“शरयूताई चोवीस... नाही, तेवीस दिवसांमागं गेल्या. झटका आला. तुमाले सांगाले पायजे होतं. ते म्या नाई सांगितलं. आदेश म्या काढले. तिनं नाई. तिनं तुमाले एकही नोटीस दिली नाई, येवढं ध्यानात ठेवजा.”

एका चौकटीत कोणीतरी तोंड फिरवलं. चारुता पदराने डोळे पुसत होती. महादेवरावांना वाटलं, झालं! आता एकेक चौकट बंद होणार. आपणच मोडलं हे.

तेवढ्यात योगेंद्र म्हणाला, “सर, म्हणजे माझी रजा मंजूर?”

“मंजूर, मंजूर! लग्न कधी आहे?”

“काल झालं. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि मी आष्टीच्या वाचनालयाला पासवर्ड सांगत होतो.”

आधी चारुता हसली, रडता रडताच. मग बाकीचे. महादेवरावांना हसावं की माफी मागावी कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

एकही चौकट बंद झाली नाही. बदल्या सगळ्या रद्द, एक सोडून. योगेंद्र फोनवरच राहतो म्हणाला. आपला प्रोग्राम लोकांना किती छळतो ते त्याला सात वर्षांत पहिल्यांदा कळलं होतं. सुश्रुत आलाच होता, तर चार दिवस केळझरला बसून तिथली खरी पुस्तकं नोंदवून गेला. नवी आवृत्ती महिनाअखेरीला चाळीसच्या चाळीस वाचनालयांत पोचली.

ताईंच्या जागी सगळ्यांनी चारुताला निवडलं. एकमताने.

“सर, एवढंच राहिलंय,” चारुता म्हणाली. “यादीत वर ताईंचं नाव आहे. ते काढून माझं टाकायचं. ताईंच्याच लॅपटॉपवरून होतं. एक बटण आहे.”

नोकरीत असताना कर्मचारी वारला की महादेवराव दुसऱ्या दिवशी अकराच्या आत मस्टरवरचं त्याचं नाव लाल शाईने काढत. एकदाही उशीर नाही. साहेबांनी त्यासाठी चांगला शेरा दिला होता.

चारुता दर सोमवारी विचारते. सक्ती करत नाही. “सर, जमलं तर बघा,” म्हणते.

“प्रस्ताव विचाराधीन आहे,” महादेवराव सांगतात.

तीन महिने झाले. काम चारुता करते. यादीत वर नाव शरयूचं आहे. ते काढायचं राहिलं आहे.