जिऊबाईसाहेबांच्या धूपछाव गोधडीची हकीकत

श्री सुईदोरा समर्थ. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडीचा अंमल भारी. मुलांनो, क्षणभर डोळे मिटावे आणि चित्ती आणावे की डोंगराच्या कुशीत एक राज्य आहे, त्याचे नाव कोणत्याही कागदी नाही, आणि त्या राज्यात तोफा दोन, त्याही गंजलेल्या, सुया मात्र नऊशे, आणि एकही गंजलेली नाही. शेजारची राज्ये किल्ले जिंकीत, हे राज्य गोधड्या शिवी. मग ऐसे आणावे की तुम्ही आठ वर्षांचे आहात, बोटात पितळी अंगुस्तान आहे ते ढिले होऊन सारखे गळते आहे, मांडीवर रंगीत कापडाचे तुकडे आहेत, आणि जीभ दातांत धरून तुम्ही सुईत दोरा ओविता आहात. इतके दिसले म्हणजे जिऊबाईसाहेब दिसल्या. त्या राज्याच्या महाराजांच्या त्या कन्या, आठ वर्षे एकुलत्या, आणि त्या साली राणीसाहेबांस पुन्हा दिवस राहिले होते.

आता त्या राज्याची चाल ऐशी होती की घरात मूल जन्मले म्हणजे बाराव्या दिवशी, बारशास, त्यास पाळण्यात घालणे ते घरच्या वडील भावंडाने, आणि तेही स्वहस्ते शिवलेल्या गोधडीत गुंडाळून. दुसऱ्याचा एक टाका त्यात चालत नसे. गोधडी सिद्ध झाली नाही तर जामदारखान्यातून, म्हणजे सरकारी कपड्यांच्या कोठीतून, शेला निघे आणि पाळण्यात घालण्याचा मान आत्याबाईंकडे जाई. जिऊबाईसाहेबांच्या मनात ही एकच गोष्ट बसली होती की आपले भावंड प्रथम आपल्या हाती यावे, आत्याबाईंच्या नव्हे. आत्याबाई वाईट होत्या ऐसे नाही. त्यांच्या बांगड्या मात्र फार वाजत, आणि लहान मूल दचकेल ऐसे जिऊबाईसाहेबांस वाटे.

मग राणीसाहेबांस सातवा महिना लागताच गोधडीची मोहीम निघाली. शिवणाची विद्या शिकविण्यास भिवरामावशी होत्या. त्यांनी महाराजांसही लहानपणी टाका घालण्यास शिकविले होते, आणि महाराजांचा टाका अजून वाकडा येतो हे त्या दरबारातही सांगत. कापड आणविले ते हैबती कोष्टी यांजकडून. हैबतीबाबा वृद्ध, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून साठ वर्षे विणीत बसलेले, आणि त्यांचे सुती धूपछाव कापड त्या राज्याचा अभिमान. ते कापड ऐसे की उभा धागा डाळिंबी आणि आडवा धागा मोरपंखी. समोरून पाहावे तर डाळिंबाचा दाणा, आणि बाजूस जाऊन पाहावे तर मोराची मान. कापड तेच, धागे तेच, पाहणाऱ्याची जागा तेवढी निराळी. जिऊबाईसाहेब पहिल्या दिवशी शिवणे सोडून कापडाभोवती फेऱ्याच घालीत राहिल्या, आणि मावशींनी त्यांस सात फेऱ्या घालू दिल्या, मग म्हणाल्या, आता बसावे.

मग मावशींनी छत्तीस चौकोन कापले आणि प्रत्येकाच्या वरच्या कडेस हळदीची बारीक रेघ ओढली. सांगितले की चौकोन एकदा कापला म्हणजे त्याचे उभे कोणते आणि आडवे कोणते हे घरातल्या उजेडात ओळखत नाही, सबब रेघ नेहमी वर ठेवावी, म्हणजे सारे शिलेदार एका दिशेस तोंड करून उभे राहतील. आणि दुसरे सांगितले की चुकले ते उसवावे, त्यात लाज नाही. जिऊबाईसाहेबांनी दोन्ही ऐकिले. पहिले पाळिले. दुसरे मात्र जड गेले, कारण एके सकाळी त्यांस तीन वेळा उसवावे लागले, आणि त्या रागावून म्हणाल्या, "आता मला सगळे येते. मला कोणी सांगू नये." मावशी हसल्या.

पंचवीस चौकोन जोडून झाले त्या दिवशी दुपारी वाड्यात धावपळ झाली, आणि कोणी येऊन सांगितले की राणीसाहेब सुखरूप आहेत, कन्या जाहली. जिऊबाईसाहेब हातातला सव्विसावा चौकोन मुठीत धरून तशाच पळाल्या आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी येऊन थबकल्या, कारण सोयर होते आणि आत जाण्याची मनाई. भिवरामावशी आत शेक-शेगडीस होत्या, त्याही आता दहा दिवस बाहेर यावयाच्या नव्हत्या. जिऊबाईसाहेब दाराशी उभ्या राहून आतले रडणे ऐकत राहिल्या. ते रडणे मांजराच्या पिलासारखे बारीक होते. पुष्कळ वेळाने परत येऊन मूठ उघडिली तो चौकोन घामाने ओला आणि हळदीची रेघ पुसून तळहातावर उतरलेली. मग तो चौकोन त्यांनी चारी अंगांनी फिरवून पाहिला, परंतु खोलीतल्या उजेडात चारी अंगे सारखी. दाराआडून हाक मारिली असती तर मावशींनी ओळखण्याची रीत सांगितली असती. परंतु मला कोणी सांगू नये ऐसे आपणच बोलून बसल्या होत्या. सबब अदमासे शिविला. दुसरे दिवशी सकाळी खिडकीतून कोवळे ऊन आले आणि गोधडीच्या डाळिंबी शेतात तो एक चौकोन मोरासारखा बसलेला दिसला. जिऊबाईसाहेबांनी गोधडीची घडी केली, ती बाजू आत घातली, आणि पुढले चौकोन जोडू लागल्या. मग अस्तर लाविले, मध्ये मऊ जुनेर घातले, धावदोऱ्याच्या ओळी घातल्या, आणि बाराव्या दिवशी पहाटे अखेरची गाठ मारिली.

बारशाचा मुहूर्त माध्यान्हीचा. त्याआधी गोधडी चौकात उन्हात पसरून दरबारास दाखविणे ही रीत. महाराज बैठकीवर आले, मानकरी आले, भिवरामावशी आल्या, हैबतीबाबाही कापडाचे मालक म्हणून सन्मानाने बोलाविलेले, कोपऱ्यात हात जोडून उभे राहिले. गोधडी उलगडली आणि सारा चौक डाळिंबी झाला, आणि लोक वाहवा म्हणणार तोच जामदार गिरमाजीपंत पुढे वाकले. हे जामदारखान्याचे मुख्य. यांस कोणाच्या घरी भोजनास गेले तरी पाटावरची चादर बोटांनी चाचपण्याची सवय. त्यांनी त्या एका चौकोनावर बोट ठेविले आणि म्हणाले की महाराज, हा तुकडा या कापडाचा नव्हे, कोष्ट्याने ठाणात दुसरे कापड मिसळून दिले, सरकारघरच्या मुलीच्या गोधडीत लबाडी केली. मग त्यांनी आणिक बोलून राग चढविला आणि मागितले की हैबतीचा माग मोडावा आणि मागाच्या खड्ड्यात माती लोटावी, म्हणजे पुढे कोणी ऐसे करणार नाही. महाराजांनी हैबतीबाबांकडे पाहिले. बाबा दोन पावले पुढे आले, त्या चौकोनाकडे एकवार पाहिले, मग जिऊबाईसाहेबांच्या तोंडाकडे पाहिले, आणि नजर खाली घालून म्हणाले, "म्हातारे डोळे आहेत, महाराज. झाले असेल काही."

जिऊबाईसाहेबांनी ते ऐकिले. उगी राहावे तर गोधडी आपली ठरते, दोष बाबांकडे जातो, आणि घटकाभराने बहीण आपल्या हाती येते. बोलावे तर चूक आपली, चुकलेले उसवावे लागणार, आणि मधला चौकोन अस्तरापावेतो उसवून पुन्हा बसविण्यास दोन दिवस लागणार, आणि मुहूर्त तर डोक्यावर. आत पाळण्याला झेंडूची माळ बांधिली होती ती दारातून दिसत होती, आणि दाराशी आत्याबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. जिऊबाईसाहेबांनी बाबांच्या पायांकडे पाहिले. खड्ड्यात बसून बसून ते गुडघ्यांत वाकले होते. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बाबांनी काही केले नाही. तो तुकडा मी आडवा शिवला."

गिरमाजीपंत कौतुकाने हसले आणि म्हणाले की बाईसाहेबांचे मन मोठे, म्हाताऱ्यास वाचविण्यास दोष अंगावर घेतात, परंतु रंग काही खोटे बोलत नाही. मग जिऊबाईसाहेबांस राग आला आणि रडूही आले, आणि त्यांनी सरळ जाऊन महाराजांचा हात धरला आणि म्हणाल्या, "आबासाहेब, उठा. इकडून येऊन बघा." महाराज उठले. महाराज उठले म्हणून मानकरी उठले, आणि मानकरी उठले म्हणून जामदारांस उठणे प्राप्त जाहले, आणि सारा दरबार पागोटी सावरीत, एकमेकांच्या पायांवर पाय देत, चौकाच्या आडव्या बाजूस आला. तेथून पाहतात तो पस्तीस चौकोन मोरपंखी आणि तो एकच डाळिंबी. गिरमाजीपंत पुन्हा पहिल्या बाजूस गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले, ऐशा तीन फेऱ्या जाहल्या, आणि मग त्यांनी बोट धोतरास पुसले.

महाराजांनी हैबतीबाबांस विचारिले की तुम्हांस तर पाहताच कळले असेल, मग बोलला का नाही. बाबा म्हणाले, "कापड माझे आहे, महाराज, मी त्याला अंधारात ओळखीन. पण बाईसाहेबांचे तोंड पाहिले. म्हटले, थोडी सवड द्यावी, त्या बोलतील." महाराजांनी खाली वाकून बाबांचे दोन्ही हात आपल्या हाती घेतले, आणि गिरमाजीपंतांस आज्ञा केली की आठ दिवस मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसावे आणि वीतभर धूपछाव विणून दाखवावे. त्यांनी पुढे अकरा दिवस घेतले आणि चार बोटे विणिले, हे त्यांच्याच मुलाने लोकांस सांगितले.

राहिला निवाडा गोधडीचा. महाराजांनी तो भिवरामावशींकडे सोपविला. मावशी गोधडीपाशी बसल्या, टाके पाहिले, अस्तर चाचपिले, मग जिऊबाईसाहेबांस जवळ बोलावून विचारिले की मला हाक का मारिली नाही. जिऊबाईसाहेब बोटातले अंगुस्तान फिरवीत म्हणाल्या, "मला सगळे येते म्हणाले होते ना." मावशींनी त्यांच्या गालावरचे पाणी आपल्या पदराने टिपिले. मग दरबाराकडे वळून म्हणाल्या, "चुकले ते उसवावे, हा माझा नियम. तो महाराजांस लावला, यांसही लावीन. पण किती दिवसांत उसवावे, हे मी कोणास कधी सांगितले नाही. टाका सारा हिचाच आहे आणि गोधडीत ऊब आहे. बाळाला आणखी काय पाहिजे?" आत्याबाई दारातून म्हणाल्या की माझ्या हाताला मुंग्या आल्या आहेत, मला मूल उचलवणार नाही, आणि मग त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या आणि गोधडी स्वतः आत नेली. येणेप्रमाणे माध्यान्ही, शिंगे वाजत असता, जिऊबाईसाहेबांनी बहिणीस गोधडीत गुंडाळून पाळण्यात घातले. मूल हाती आले ते वाटले होते त्याहून जड होते, आणि त्याने त्यांचे अंगुस्तानाचे बोट धरून ठेविले, ते सोडविण्यास राणीसाहेबांस यावे लागले.

सारांश, त्या राज्याने त्या साली एकही किल्ला घेतला नाही, एक माग राखिला, एक जामदार शहाणा केला आणि एक मूल उबेत निजविले, इतकेच कागदी लिहिण्याजोगे घडले. चौथे दिवशी दुपारी मूल निजले असता जिऊबाईसाहेब उसविण्याची बारीक कात्री घेऊन पाळण्याखाली गोधडी मांडून बसल्या, कारण मावशींचा नियम पाळणे होते. त्यांनी तो एकटा मोरपंखी चौकोन बोटाने चाचपिला, कात्रीचे टोक त्याच्या पहिल्या टाक्याशी नेले, आणि थांबल्या. मग कात्री तेथून उचलून त्याच्या शेजारच्या डाळिंबी चौकोनाला लाविली, तो उसवून हलकेच आडवा फिरविला, आणि दोघा मोरांस जवळजवळ बसवून शिवू लागल्या.