दार लगेच लावा

कोल्ड रूमच्या दारावरची पाटी बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. 'दार लगेच लावा.' लाल अक्षरं, खाली दोन रेघा. फुलांच्या त्या दुकानात बाईंना एकोणीस वर्षं झाली होती आणि त्या पाटीच्या जोरावर त्यांनी गाडीवाल्याला झापलं होतं, माल उतरवणाऱ्यांना झापलं होतं, एकदा तर खुद्द मालकांनाही. आत चार अंश तापमान. गुलाबाची जुडी उचलून बाहेर यायला पाच मोजेपर्यंतचा वेळ पुरे. त्याहून कुणी जास्त रेंगाळलं की बाईंचा आवाज यायचा, "आत काय संसार मांडलाय?"

गेले दोन महिने आत संसार बाईंनीच मांडला होता.

कार्नेशनच्या बादल्यांमागे, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात त्यांनी एक रिकामी बादली पालथी घालून ठेवली होती. लाट आली की त्या तिथे जाऊन बसत. पुढे एक दिवस त्या बादलीवर एक उशी दिसली. गाडीवाल्याने कुठली तरी अडगळ आणून टाकली असणार. बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बादली तिथे पालथी का, हेही सांगावं लागलं असतं.

वर्षभरापूर्वी त्यांची पाळी गेली. गेली ती सरळ गेली नाही, जाताना घरात शेगडी पेटती ठेवून गेली. बरं चाललेलं असताना अचानक छातीतून एक गरम लाट उठायची, गळ्यावरून कानापर्यंत चढायची, आणि चार मिनिटांनी घामाने भिजलेल्या बाईंना जागच्या जागी सोडून निघून जायची. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्टच सांगितलं. मागे एकदा पायात रक्ताची गुठळी झाली होती, तेव्हा हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढायचं नाही. बाकीचं करून बघायचं. सुती, सैल कपडे, एकावर एक, म्हणजे वरचा काढता येतो. चहा आणि तिखट कमी. रोजचं चालणं. लाट आली की सावकाश श्वास, पाच मोजून आत, पाच मोजून बाहेर. आणि एक वही. लाट कधी आली, किती वेळ राहिली, त्याआधी काय चाललं होतं.

"कशाने पेटतं ते कळलं की निम्मं काम झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या टेबलावरचा पंखा पेशंटकडे नव्हता, त्यांच्या स्वतःच्या तोंडाकडे वळवलेला होता. त्यामुळे बाईंचा त्यांच्यावर लगेच विश्वास बसला.

थोरल्या बहिणीने जवसाची भरणी पाठवली. रोज दोन चमचे खा, मी खाते, मला कधी काही झालं नाही, असा निरोपही पाठवला. ताईला जवसाशिवायही आयुष्यात कधी काही झालेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खा की, पोटाला बरं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. घरी नवऱ्याने पंखा पाचवर ठेवायला एका शब्दाने मान्यता दिली आणि स्वतः कानटोपी घालून जेवायला बसू लागला. तक्रार नाही. फक्त एकदा त्याने भातावर ठेवायला ताटली मागितली.

गुण आला नाही असं नाही. दिवसाच्या दहा लाटा सहावर आल्या. वहीतून कारणंही कळू लागली. एक कारण चहा होतं. दुसरं कारण दोन पायांचं होतं आणि ते दिवसाआड दुकानात येत होतं. '११.४०. लग्नघरच्या बाई आल्या. मुलीच्या लग्नाला गुलाब हवेत. गुलाबी नकोत, पांढरे नकोत, लाजल्यासारखा रंग हवा. चार मिनिटं.' त्याखाली, '३.०५. त्याच बाई. आणलेला रंग जास्त लाजतोय म्हणाल्या. पाच मिनिटं.'

अशा वेळी पाच मोजून श्वास घ्यायचा तो घ्यायचाच, पण चार अंशात बसून घेतला तर दुधात साखर.

घोळ केला तो सुईने. मशीनशेजारच्या पेटीत एक सुई कागदाच्या पट्टीवर दिवसभर तापमानाची रेघ ओढत असे. दार उघडलं की रेघ चढायची, आत तापलेलं माणूस बसलं की चढलेलीच राहायची. एका संध्याकाळी मालकांनी पट्ट्या कामाच्या टेबलावर पसरल्या. प्रत्येक दिवशी रेघेवर अकरा-अकरा टेकड्या.

"बाई, मशीन थकलं," मालक म्हणाले. "वडिलांनी बसवलेलं. त्याचाही काय दोष."

 बाईंनी मनात वही उघडली. आपल्या सहा. मग उरलेल्या पाच मशीनच्याच ना? म्हणजे मशीन थकलं होतंच, आपण जरा हातभार लावला इतकंच. या हिशेबाने त्यांना दोन दिवस शांत झोप लागली. तिसऱ्या दिवशी मालकांनी सांगितलं की कोल्ड रूम काढून टाकायची आणि तिच्या जागी काचेचं कपाट आणायचं.

"हात जाईल एवढंच खोल असतं," मालक म्हणाले. "माणसाने आत जायचा प्रश्नच येत नाही." सांगताना का कोण जाणे, त्यांचाच चेहरा पडला होता.

बाईंना काचेचं कपाट दिसू लागलं, त्यात फुलं गारेगार, आणि बाहेर लग्नघरच्या बाईंसमोर उकळत उभ्या असलेल्या आपण. सांगून टाकावं, असं त्यांना दहादा वाटलं. पण मालकांशी एकोणीस वर्षांत बोलणं झालं ते देठांचं, पाण्याचं, गिऱ्हाइकांचं आणि फार तर गुडघ्यांचं. गुडघ्यांच्या वरचा विषय कधी निघालाच नव्हता. शिवाय दारावर ती पाटी. कुंपणानेच शेत खाल्लं हे कुंपणाने कुठल्या तोंडाने सांगायचं?

मशीन काढायला मिस्त्री आला तो दुपारी चारच्या सुमाराला. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली, पण उघडली नाही. आधी पट्ट्या मागितल्या, चष्मा लावून एकेक वाचली आणि म्हणाला, "हे मशीन रात्री बिघडत नाही."

"म्हणजे?" मालक म्हणाले.

"रात्रभर रेघ सरळ. सुट्टीच्या दिवशी सरळ. दुकान उघडलं की टेकड्या सुरू. मशीन बिघडलं तर घड्याळ बघून बिघडत नाही, साहेब. कुणीतरी दार उघडून आत थांबतंय."

"शक्य नाही," मालक जरा घाईनेच म्हणाले. "आमच्याकडे बाई आहेत."

दोघांनीही आदराने पाटीकडे पाहिलं.

आणि नेमकी तेव्हाच बाईंच्या छातीत शेगडी पेटली. बाईंनी वरचा सुती अंगरखा काढला. पाच मोजून श्वास आत घेतला. पाच मोजून सोडला. गळा तापला, कान तापले. दार हाताच्या अंतरावर होतं आणि दाराच्या अलीकडे दोन पुरुष उभे होते. आणखी पाच मोजले. मग त्यांनी मोजणं सोडलं, दोघांच्या मधून वाट काढली, दार उघडलं आणि आत जाऊन बादलीवर बसल्या.

"मालक," त्या आतूनच म्हणाल्या. दार अर्धवट उघडं होतं. "मशीन चांगलं आहे. माझी पाळी गेली आहे, आणि मला अशा गरम लाटा येतात. दिवसातून सहा. डॉक्टरांनी गोळ्या द्यायच्या नाहीत म्हणून सांगितलंय, तेव्हा मी इथे येऊन बसते. कपाट आणलंत तर मी बसू कुठे?"

बाहेर मिस्त्रीने हत्यारांची पिशवी पायाने बाजूला सारली.

"माझ्या बायकोलाही येतात," मिस्त्री म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी स्वेटर घालून टीव्ही बघतो. किती वाजता येतात, काही लिहून ठेवलंय का?"

बाईंनी दाराच्या फटीतून वही बाहेर दिली. मिस्त्रीने कालची पट्टी घेतली, कानावरची पेन्सिल काढली आणि वहीतल्या वेळा बघून टेकड्यांवर खुणा करू लागला. दहा वाजून दहा, बरोबर. अकरा चाळीस, बरोबर. सहाही जुळल्या.

"पाच उरल्या," तो म्हणाला. "या जरा लांबट आहेत. दहा-दहा मिनिटांच्या."

"त्या मशीनच्या," बाई आतून म्हणाल्या.

"हो, त्या मशीनच्याच," मालकही म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मालकांनी नाव बघितलं, आणि मग त्यांच्या हातापायांनी जे केलं ते डोक्याला न विचारताच केलं. "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय," म्हणत ते तीन पावलांत कोल्ड रूममध्ये शिरले आणि कार्नेशनला वळसा घालून, न बघता, सवयीने बसायला गेले. तिथे बाई बसलेल्या होत्या.

जाड भिंतींच्या आत फोन मुकाट्याने बंद पडला.

"आत रेंज येत नाही," मालक खाली बघत म्हणाले. "दिवसातून पाच वेळा फोन करतात हो त्या लग्नघरच्या बाई. मला वाटलं, माझ्या पाचच आहेत, बाकीच्या सहा मशीनच्या असतील."

"उशी तुमची?"

"बादली गार लागायची."

बाहेर पेन्सिलीचा आवाज आला. मिस्त्रीने पाच खुणा करून टाकल्या होत्या.

बाई बादलीवर थोड्या सरकल्या. तेवढ्या जागेत मालक बसणं शक्य नव्हतं, पण सरकल्या हे त्यांना पोचलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. लाट माथ्यावर पोचून आता ओसरू लागली होती. बाई डोळे मिटून पाच मोजत होत्या, आणि थोड्या वेळाने मालकही, कुणी न सांगता, त्यांच्याबरोबर मोजू लागले.

दुकानाच्या पुढच्या बाजूला पावलं वाजली. लग्नघरच्या बाई दुकानाच्या दारातूनच फोन करत होत्या, हे आता उघड झालं. मिस्त्री त्यांना सांगू पाहत होता की मशीनचं काम चालू आहे, सगळे आत अडकलेत, पण ज्या बाईंना चौदा गुलाबांमधून एकही पसंत पडला नव्हता, त्यांना मिस्त्री काय अडवणार? त्यांनी दार सताड उघडलं.

कार्नेशनमागे बाई बसल्या होत्या. गळ्यापासून गालापर्यंतचा लालभडकपणा उतरून गेला होता आणि मागे हलकीशी, जाता जाता थबकलेली छटा राहिली होती.

"हलू नका," लग्नघरच्या बाई हळूच म्हणाल्या. "हाच. हाच रंग मी महिनाभर सांगतेय."

मालकांनी हाताला लागेल ती बादली पुढे ओढली. एक गुलाब बाईंच्या गालाशी धरला, तो गडद निघाला. दुसरा फिका. तिसरा धरला आणि लग्नघरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीनशे द्या," त्या म्हणाल्या. "पण अगदी हाच—"

"रंगाचं मग बघू," बाई बादलीवरूनच म्हणाल्या. "आधी ते दार लावा."

दार लागलं. संध्याकाळी मालकांनी कपाट नको म्हणून कळवलं आणि आणखी एक बादली पालथी घातली. बाईंनी वही उघडून त्या दिवसाची शेवटची नोंद केली.

'४.२०. लाट. नऊ मिनिटं. उपयोगी पडली.'