दहा आधी, दोन नंतर

"उद्यापासून पेशंट कॉम्प्युटर पुकारेल!" धाकटीने जेवताना जाहीर केलं.

प्रोग्रामिंगचे सुरुवातीचे धडे तिने नुकतेच संपवले होते. नाव उलटं लिहून दाखवा, दोन आकड्यांची बेरीज करा, नावापुढे 'नमस्कार' जोडा, यादी चढत्या क्रमाने लावा. एवढ्या भांडवलावर लोक चंद्रावर यान पाठवायच्या गोष्टी करतात. तिने तर फक्त आईचा दातांचा दवाखाना चालवायला घेतला होता.

गरज मात्र खरी होती. बाहेरच्या टेबलाशी बसून नंबर पुकारणारे बाबा दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं आईला चालेना आणि पेशंट आपसांत भांडू लागले.

"चाललं तर ठीक," आई म्हणाली. "नाहीतर शनिवारपासून दवाखाना बंद. मला दात उपटता येतात, भांडणं सोडवता येत नाहीत."

सकाळी खोली गच्च भरली. दारातून बिल्ला उचलायचा, त्यावरचा नंबर कीबोर्डवर दाबायचा आणि निवांत बसायचं!

"नमस्कार! नंबर एक!" स्पीकर गोड आवाजात म्हणाला. एक नंबर आत गेला. धाकटी मनातल्या मनात हार-तुरे स्वीकारू लागली.

"नमस्कार! नंबर दहा!"

दोन नंबरचा बस कंडक्टर अर्धा उठला होता, तो तसाच राहिला. त्याचा गाल फुगून भोपळा झाला होता. आणि दहा नंबर कोणाचा? धाकटीच्या सख्ख्या मावशीचा!

"अगं बाई, मावशीचा नंबर इतक्यात?" म्हणत ती आत सटकलीसुद्धा.

"वा ताई, वा! घरचा वशिला!" कंडक्टर गाल धरून म्हणाला.

"नाही हो काका, ते मशीन ठरवतं..."

"मग मशीनची मावशी आहे का ती?"

"नमस्कार! नंबर अकरा!" मग बारा. मग तेरा. नमस्कार काही सुटत नव्हता! आता कुठे धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने आकडे अक्षरं म्हणून साठवले होते आणि कॉम्प्युटर ते शब्दकोशासारखे लावत होता. एकने सुरू होणारे सगळे संपल्याशिवाय दोनची पाळी नाही!

"काका, शब्दकोशात 'क'चे सगळे शब्द संपल्यावरच 'ख' येतो ना? तुम्ही 'ख' आहात."

"मी कोण आहे ते मला सांगू नका! दात ठणकतोय माझा!"

एकच ओळ बदलायची होती. तिने ती बदलली, मशीन पुन्हा सुरू केलं, तर यादीच पुसली गेली. "सगळ्यांनी परत नंबर दाबा!"

पहिला धावला कंडक्टर. सगळा राग बोटात उतरलेला! त्याने दोनचं बटण असं काही हाणलं, की विचारता सोय नाही.

"नमस्कार! नंबर तीन!"

"आता काय झालं?" कंडक्टर किंचाळला.

धाकटीने पडद्यावर पाहिलं. तिथे एकाला एक चिकटून चार दोन बसले होते. कॉम्प्युटरच्या मते कंडक्टर आता दोन हजार दोनशे बाविसावा पेशंट होता!

"एवढे दात तरी आहेत का या गावात?" तो म्हणाला, आणि खोलीत एकच गलका उठला.

दार उघडलं. मास्क खाली ओढून, हातात चिमटा घेऊन आई उभी. सगळ्यांची बोटं धाकटीकडे वळली.

"ती वायर काढ."

"नमस्का..." म्हणत स्पीकरने मान टाकली.

शनिवार कसला, आजच कुलूप लागणार! धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. आईने टेबलावरचा कीबोर्ड बाजूला सारला.

"बस."

"कुठे?"

"माझ्या मांडीवर? खुर्चीत बस."

धाकटी बसली. खुर्ची तिला फार मोठी झाली. "नंबर दोन," ती कशीबशी म्हणाली.

"ताई, एवढ्या आवाजात तर माझी बस कधी सुटली नसती!"

"नंबर दोन!!"

"हां, आता कसं!" म्हणत तो आत गेला.

दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर आईने हात पुसले. "उद्या वेळेवर बस."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे शनिवारी...?"

"शनिवारी गर्दी असते." आई दार ओढून घेताना थांबली. "तुझे बाबा पेपर वाचता वाचता पुकारायचे. तू पेपर आणू नकोस. तुला एका वेळी एकच काम जमेल."