दहाच मासे

डॉक्टरीणबाईंनी कंडक्टरांना मासे लिहून दिले, तेव्हा सून सरळ तळायच्या तयारीला लागली. बाईंना घाईघाईने खुलासा करावा लागला, "अहो, खायचे नाहीत. मोजायचे."

कंडक्टरांना दोन महिन्यांपूर्वी मेंदूचा हलकासा झटका येऊन गेला होता. हातपाय शाबूत राहिले, जीभ तर नको तितकी शाबूत राहिली. पण घरच्यांनी त्यांना एकट्याला दाराबाहेर सोडणे बंद केले. कोपऱ्यावरच्या वाचनालयात जायचे तरी कोपर धरायला एक माणूस बरोबर. बत्तीस वर्षे बसमध्ये साऱ्या जगाला "पुढं सरका" म्हणून दटावणाऱ्या माणसाला आता अकरा वर्षांची नात सांगे, "आजोबा, सावकाश हं, पायरी आहे." त्यांचे आयुष्यात एवढेच मागणे उरले होते, की वाचनालयात एकट्याने जाऊ द्या.

त्यावर बाईंनी तोडगा काढला. घरात पाणझाडे लावलेली एक काचेची टाकी ठेवायची, तिच्यात छोटे मासे सोडायचे, आणि कंडक्टरांनी रोज सकाळी ते मोजून घरच्यांना आकडा सांगायचा. पंधरा दिवस आकडा बरोबर आला तर परवानगी. चुकत गेला तर घरात दिवसभराचा सोबती नेमायचा.

"हात्तिच्या!" कंडक्टर म्हणाले. चालत्या गाडीत उभे-बसलेले ऐंशी उतारू, मांडीवरची पोरे वेगळी धरून, नुसत्या नजरेने मोजणाऱ्याला मासे ते काय!

दुकानदार माशांच्या बाबतीत मुलीचा बाप होता. स्थळाची चौकशी केल्याशिवाय मासा देत नसे. टाकी केवढी, झाडे खरी की प्लास्टिकची, घरात आरडाओरडा फार होतो का, सगळे विचारून झाले.

"बाबांना ताण नको," मुलगा म्हणाला. "शांत स्वभावाचे द्या."

कंडक्टरांचे बोट एका ऐटदार एंजल माशाकडे गेले.

"दिसतो सोज्वळ," दुकानदार म्हणाला, "पण छोट्यांना गिळतो."

"आणि हे पट्टेवाले?"

"टायगर बार्ब. कमी असले की पुढच्याच्या शेपटीला चावे घेत फिरतात."

"असले मी घंटी मारून उतरवलेत. दुसरं दाखवा."

शेवटी पसंत पडला निऑन टेट्रा. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळी रेघ, खाली लाल. "कुणाच्या अध्यात ना मध्यात," दुकानदार म्हणाला. "फक्त एकटा ठेवू नका. भेदरून कोपरा धरतो, खाणं सोडतो. घोळक्यात सोडलात की राजा. दहा न्या."

दहा आणले. पहिले पाच दिवस कंडक्टरांनी नाश्त्याच्या टेबलाशी येऊन अशा थाटात "दहा!" म्हटले, की आता गाडी सुटणारच.

सहाव्या दिवशी ते म्हणाले, "नऊ."

"पुन्हा मोजून बघता का, बाबा?" सुनेने हळूच विचारले.

"चालत्या गाडीत दोनदा मोजत नसतात, सूनबाई. नऊ."

मुलगा ऑफिसला गेला, नात शाळेत गेली, सून "जरा जाऊन येते" म्हणून शेजारणीला कंडक्टरांवर नजर ठेवायला बसवून गेली. सातव्या दिवशी सकाळी टेबलाशी येईपर्यंत कंडक्टरांच्या कपाळाला घाम फुटला होता.

"पंधरा," ते म्हणाले.

मुलाच्या हातातला पाव हातातच राहिला. सुनेने चहात साखर समजून मीठ घातले आणि मुलाने तो चहा न कुरकुरता पिऊन टाकला. नात एकदम आजोबांच्या गळ्यातच पडली. कंडक्टरांना कळून चुकले. घरचे एवढे प्रेमाने वागायला लागले म्हणजे आपले काही खरे नाही.

दिवसभर ते टाकीसमोर बसून राहिले. समोरून चौदा, बाजूने सोळा. आठव्या दिवशी त्यांनी प्रामाणिकपणे "सोळा" सांगितले, आणि मुलगा मोबाइल घेऊन गॅलरीत गेला. दार लावूनही ऐकू येत होते, "हो, सोळा म्हणतात... नाही हो, दहाच आणलेत... उद्या येता? बरं होईल."

दुपारी सुनेचा डोळा लागल्यावर कंडक्टरांनी दुकानात फोन लावला. आवाज दबका होता.

"एक विचारायचं होतं. हे टेट्रा पिल्लं घालतात का?"

"घरच्या टाकीत? छे हो."

"मग वाढतात कसे? दहाचे सोळा दिसतात मला. माझं डोकं चाललंय, दुसरं काय!"

पलीकडे बराच वेळ नुसती खाकरण्याची कसरत चालली. मग दुकानदार म्हणाला, "गिऱ्हाइकाचं गुपित मी फोडत नाही. पण तुमच्या डोक्याचा प्रश्न आला म्हणून सांगतो. परवा तुमच्या घरचे तिघं येऊन गेले. एकेकटे. प्रत्येकाला एकच हवा होता. मी एकटा जीव पिशवीत घालत नाही, म्हणून दोन-दोन दिले. आणि तिघांनीही बजावलं, घरात कुणाला कळता कामा नये."

"आणि नऊ झाले होते ते?"

"बसला असेल एखादा झुडपात. खरी झाडं आहेत, लपणारच. मेला बिला नसेल कुणी."

कंडक्टरांनी फोन ठेवला. डोके ठिकाणावर होते. उतारू वाढले होते. बत्तीस वर्षांत हजारो माणसे त्यांच्या गाडीत चढली-उतरली, पण कंडक्टरचा आकडा जुळावा म्हणून वाट वाकडी करून धावणारे एकही माणूस त्यांनी पाहिले नव्हते. या घरात तशी तीन निघाली. आत सून घोरत होती. तिच्या अंगावरचे पांघरूण सरकले होते, ते त्यांनी नीट केले आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसून घेतले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची टाकीसमोर ओढली गेली. मागे तिघे उभे.

"सांगा बघू. मासे किती?"

सोळाच्या सोळा मासे आज नेमके काचेपाशी ओळीने उभे होते. त्याच काचेत मागच्या तिघांचे चेहरे दिसत होते. मुलाने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, सून पदर पिळत होती, आणि नातीचे ओठ आवाज न करता सारखे एकच सांगत होते, दहा, दहा, दहा.

"दहा," कंडक्टर म्हणाले. त्यांच्या जन्मातला तो पहिला खोटा आकडा. तो देताना एवढे समाधान वाटेल याची त्यांना कल्पना नव्हती.

मागे तीन सुस्कारे सुटले. बाई मात्र पुढे वाकल्या. बोटाने मोजू लागल्या. "मला जरा जास्त वाटतायत."

"दहाच!" तिघे एका सुरात ओरडले.

"हलतात ना, म्हणून तसं वाटतं," नातीने समजूत घातली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा मोजले. चौदा. पुन्हा मोजले. सतरा. मग त्यांनी मुकाट्याने कागदावर 'एकट्याने बाहेर जाण्यास हरकत नाही' असे लिहून सही केली. कंडक्टरांनी तो कागद तिथल्या तिथे खिशात घातला.

दाराशी पोचल्यावर बाई घुटमळल्या. "हे दुकान कुठं आहे हो? मी... मीही एक टाकी ठेवीन म्हणते."

"चौकातून डावीकडं," मुलगा म्हणाला. "शटर अर्धं दिसलं तरी वाकून आत जा."

"दुपारी गेलात तर हाक मारा," सून म्हणाली, "काउंटरच्या मागं झोपलेला असतो."

"आणि पिशवी दप्तरात उभी ठेवायची," नात म्हणाली, "नाहीतर वह्या भिजतात."

एवढे बोलून तिघे थबकले. तिघांनी सावकाश एकमेकांकडे पाहिले, मग टाकीकडे, आणि तिघांचेही ओठ हलू लागले.

कंडक्टर तोवर चपला घालून जिना उतरायला लागले होते. एकटे. वरची बेरीज पुरी जुळेपर्यंत वाचनालयात दोन वर्तमानपत्रे सहज वाचून होणार होती.