टेबल सातची बोटं

भिकूबाब आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला ‘मेस्त’ म्हणतात, गोव्यात सुताराला नि गवंड्याला म्हणतात तसं. ‘‘चित्र काढता ना? मग मेस्तच तो!’’ काम सुरू करण्याआधी आपल्या चहाबरोबरचा अर्धा उंडो पाव त्याच्यापुढे सरकवतात. पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही म्हणून.

पार्सेतल्या माझ्या काजू कारखान्याचे ते जुने मुकादम. प्रत्येक टेबलावरच्या बाईची रोज नोंद करतात: साबूत गर, तुकडे आणि बोटं. बोटं अशासाठी, की सालीतलं तेल कातडी जाळून काळी करतं. हाताला चोळायची राख ते स्वतः वाटतात. काहीही विचारा, उत्तर एकच: ‘‘वहीत आसा!’’

गणेशचवथीच्या काजूखोक्यांसाठी नवं चित्र हवं होतं. आपल्या नोंदी दिल्या तर एआय त्यातून खास आपलंच चित्र काढून देतो, हे मी सांगितलं मात्र, भिकूबाब सगळ्या वह्या डोक्यावरून घेऊन आले. दोन दिवस आम्ही पानांचे फोटो चढवत होतो.

पहिलं चित्र आलं. ‘‘मेस्ता, हो काजू काय मूत्रपिंड?’’

दुसऱ्यात बी बोंडाच्या पोटात. ‘‘बी भायर लोंबता रे! झाड बघलंस कधी?’’

तिसऱ्याला मात्र आम्ही दोघं खुर्चीतून उठलोच. नोंदींची नक्षी झाली होती! प्रत्येक बाईची एक रेघ, साबूत गर वाढतील तिथे जाड होत जाणारी, आणि मधोमध गर सोलणारा हात. मी टाळी वाजवली, छापखान्याला फोन लावला.

‘‘थांबा, शेट. बोटां गोरी आसत.’’

‘‘छान दिसतायत की!’’

‘‘वहीत काळी आसत.’’

त्यांनी एक जुनी वही उघडून माझ्यापुढे धरली. टेबल सात. सावित्री, म्हणजे त्यांची बायको. गेल्या वर्षी वारली. तिच्या हातून गर तुटायचा नाही, म्हणून आमच्या पहिल्या खोक्यावर तिचाच हात छापायचं मी ठरवलं होतं. फोटोवाला आला, आणि तिची बोटं पाहून मीच म्हणालो, ‘‘वैनी, जरा बाजूला हो.’’ मग माझ्या मेहुणीचा हात छापला. तोच खोका आजवर विकत आलो. माफी मागायची रोज ठरवायचो, पण कधी मागितली नाही.

त्या दिवसाची नोंद भिकूबाबांच्या अक्षरात होती: ‘बोटं लिंबाने घासली. काळीच. साडी नवी.’

छापखान्याला मी थांबायला सांगितलं. कीबोर्ड ओढून घेतला आणि लिहिलं, बोटं काळी कर. चित्र आलं. मी लिहिलं, आणखी काळी. मग पुन्हा, आणखी.

भिकूबाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

‘‘पुरे, शेट. इतकी काळी नाय होती तिची.’’