झालेलं आहे म्हणणारे गमरेभाऊजी

बदलापूरच्या बेलवलीत हेल्मेट घालून पायी चालणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या समोरच्या दारात राहत होता.

आम्ही तेव्हा तिथे नवीनच राहायला आलो होतो. बिल्डिंगच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. पहिल्याच सकाळी दार उघडलं, तर समोरून एक गृहस्थ बाहेर पडले. डोक्यावर लालभडक हेल्मेट, हातात डबा, पायात साध्या चपला. मला वाटलं, खाली स्कूटर असेल. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर स्वारी तशीच तरातरा चालत स्टेशनच्या दिशेने निघालेली. वाटेत दूधवाला दिसला तर त्याला नमस्कार करण्यासाठी हेल्मेटची काच वर केली, नमस्कार केला, काच परत खाली.

मी चिपळूणकडची, तोंडाने फटकळ. दुसऱ्या दिवशी जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "भाऊजी, स्कूटर कुठे लावता?"

"खाली, जिन्याशेजारी."

"दिसली नाही कधी."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नंबर लावलाय, येईल. गमरेभाऊजी शांतपणे म्हणाले, "आलेली आहे, वहिनी. मी रोज लिहितो."

मग मला सगळं कळलं. भाऊजी आनंदनगरला पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत फिटर होते. त्या कंपनीत एकदा मालकाने मुंबईहून कोणी टायवाले वक्ते आणले होते, कामगारांचा विकास करायला. बाकीचे कामगार वडापाव खाऊन विकास न होताच परत आले. भाऊजी मात्र दोन गोष्टी घेऊन आले. एक, जे हवं ते रोज सकाळी डायरीत लिहायचं, आणि असं लिहायचं की ते मिळालेलंच आहे. दोन, दिवसभर तसंच वागायचं. याला ते वक्ते स्वयंसूचना म्हणाले होते. भाऊजी त्याला नुसतं 'वाक्य' म्हणत. "आज नवीन वाक्य घेतलंय," असं ते भाजी घेतल्यासारखं सांगत.

डायरी कुठली, तर उल्हासनगरच्या बाजारात नवीन वर्ष लागलं की मागल्या वर्षाच्या कोऱ्या डायऱ्या रद्दीच्या भावात मिळतात, त्यातली. त्यामुळे भाऊजी सोमवारी उठून रविवारच्या पानावर लिहीत. त्यांना त्याचं काही नव्हतं. लिहून झालं की गॅलरीत उभे राहून ते ती वाक्यं मोठ्याने वाचत. चोरून लपवून काही नाही, सगळ्या बिल्डिंगला त्यांचा विकास ऐकू येई. "मी स्कूटर चालवतो. माझी तब्येत उत्तम आहे. माझा फोरमन माझ्याशी प्रेमाने बोलतो." खालून कुणीतरी विचारी, "बायको बोलते का हो प्रेमाने?" भाऊजी वाकून सांगत, "ते लिहावं लागत नाही."

वागणंही तसंच. जिन्याशेजारी त्यांनी चुन्याने चौकोन आखून ठेवला होता. पोरं तिथे गोट्या खेळायला बसली की वरून ओरडत, "अरे बाजूला व्हा, गाडीला लागेल." रविवारी फडकं घेऊन खाली जात आणि तो चौकोन झाडून येत. लाईट गेली आणि कुणी अंधारात हाक मारली, "भाऊजी, तुमच्याकडे आली का लाईट?" की अंधारातूनच उत्तर येई, "आलेली आहे." मागोमाग स्टूल पडल्याचा आवाज.

एकदा मी आणि शालनताई, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्याबरोबर उल्हासनगरला कपडे घ्यायला गेलो. त्या दिवशीचं वाक्य होतं, 'मी उत्तम सौदा करतो.' सिंधी शेठने गाठोडं सोडून पँट दाखवली. भाऊजींनी ती हातात घेतली, छातीशी धरली आणि म्हणाले, "साईं, ये तो मैंने ले लिया है."

शेठने विचारलं, "ले लिया? पैसा?"

"पैसा भी दे दिया है."

शेठने चष्मा कपाळावर घेतला. "वडी भाऊ, ले भी लिया, दे भी दिया, तो फिर इधर काय को खडा है?"

शालनताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी शेठच इतका हसला की त्याने चहा मागवला आणि पँट बऱ्यापैकी कमी भावात दिली. परत येताना भाऊजी म्हणाले, "बघा, झाला का नाही उत्तम सौदा?" आता काय बोलणार, कप्पाळ!

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत जातो, हे मला मान्य आहे. एकदा आमच्या ह्यांच्याशी माझं चांगलंच वाजलं, ते ऐकून भाऊजी दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, तुमच्यासाठी वाक्य आणलंय. मी शांत आहे. रोज लिहा." मी लिहायला बसले. लिहिता लिहिता पुन्हा सगळं आठवलं आणि पेन कागदातून आरपार गेलं. भाऊजींनी ते फाटलेलं पान बघितलं आणि म्हणाले, "सुरुवात जोरदार आहे."

स्कूटर पुढे खरंच आली. सेकंडहँड, निळी, आणि चढ दिसला की बंद पडणारी. त्यामुळे ती ढकलत, हेल्मेट घालून पायी चालणं काही सुटलं नाही. पण भाऊजींचा वाक्यावरचा विश्वास पक्का झाला तो झालाच.

मात्र त्यांचं एक वाक्य होतं, ते ऐकताना कुणी खालून काही बोलत नसे. रोजचं पहिलं वाक्य तेच. "दादा आमच्या घरी येतात, बसतात, चहा घेतात."

दादा म्हणजे शालनताईंचे वडील. शालनताई सोनिवलीच्या. सोनिवली आमच्यापासून काही लांब नाही, पायी जाऊन यावं इतकी जवळ. वडील शेतकरी, घरची भातशेती, दोन म्हशी. शालनताई लग्नाआधी भाऊजींच्याच कंपनीत पॅकिंगला होत्या. भाऊजी बौद्ध. दोघांनी आपलं आपण ठरवलं आणि विहारात लग्न केलं. दादांनी त्या दिवशी सांगितलं, त्या घराची पायरी मी चढणार नाही आणि त्या माणसाचं तोंड बघणार नाही. आईने निदान लपून भेटावं, तर ती बिचारी आधीच गेलेली. मुलीचं माहेर म्हणजे तो एक म्हातारा, आणि तो बोलत नव्हता.

मी आले त्याच वर्षीची गोष्ट. शालनताई बाजारातून आल्या त्या रिकाम्या पिशवीनेच. दादा तिथे भेंडी घेऊन बसले होते. या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हिच्या आधीच्या बाईला भेंडी दिली, हिच्या मागच्या बाईला दिली, आणि मधे कुणी उभंच नाही असं वागले. शालनताई हे सांगताना रडल्या नाहीत. "भेंडी कोवळी होती हो," एवढंच म्हणाल्या. मला मात्र रडू आलं. भाऊजी दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य सुरू झालं.

आणि वाक्य म्हटलं की तसं वागणं आलंच. भाऊजींनी दादांसाठी हात असलेली लाकडी खुर्ची आणली. "त्यांना खाली बसून उठताना त्रास होतो," असं मला सांगितलं, जणू कालच पाहिलं होतं. कंपनीत सोमवारी सांगू लागले, "काल आमचे सासरे येऊन गेले. चहा झाला. भाताच्या बियाण्याचं बोलणं निघालं."

शालनताई वैतागत. "अहो, खोटं कशाला सांगता लोकांना?"

"खोटं नाही गं. थोडं लवकर सांगतोय, एवढंच."

माझं त्या दोघांवर फार प्रेम होतं, म्हणूनच मी त्यांना तोंडावर म्हटलं, "भाऊजी, स्कूटर लोखंडाची असते, ती येते. माणसाचं तसं नसतं. ताईंना उगाच आशेला लावू नका." भाऊजी पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलले. "वहिनी, माझ्यामुळे तिचे वडील तुटले. मला दुसरं काय करता येतं? तिकडे गेलो तर ते आणखी चिडतील. मग मी लिहितो."

आता गंमत अशी, की काही वर्षांनी भाऊजींच्या कंपनीत सोनिवलीची दोन पोरं कामाला लागली. भाऊजी सोमवारी जे सांगत, ते संध्याकाळी सोनिवलीत पोचत होतं. दादा जावयाकडे जातात. खुर्चीवर बसतात. चहा घेतात. गावात लोक म्हाताऱ्याला विचारू लागले, काय दादा, लेकीकडे बरं चाललंय ना? दादांनी काही दिवस ऐकून घेतलं असावं. मग एक दिवस त्यांचं डोकं फिरलं.

वैशाख होता. रविवारची टळटळीत दुपार. मी आणि शालनताई जिन्याच्या चौकात सतरंजी टाकून पापड लाटत बसलो होतो. खालून काठीचा आवाज येऊ लागला, पायरीगणिक एक ठोका आणि एक मोठा श्वास. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा उगवला. धोतर, टोपी, घामाने निथळलेला चेहरा. मला बघून म्हणाला, "गमऱ्याचं घर कंचं?"

शालनताईंचं लाटणं पापडावरच थांबलं. "दादा," त्या म्हणाल्या.

दादांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. उघड्या दारातून ते थेट आत गेले. भांडायलाच आले होते, ते कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं. पण उन्हातून सोनिवलीहून चालत आलेला आणि तीन मजले चढलेला म्हातारा भांडणार कसा? त्यांनी तोंड उघडलं, नुसता श्वास बाहेर आला. काठी हलवली, तोल गेला, आणि समोर जी खुर्ची दिसली तिच्यात ते धपकन बसले.

भाऊजी बनियनवर पेपर वाचत होते. ते उठले. इतकी वर्षं हा माणूस रोज या प्रसंगाची तयारी करत होता, आणि आता नुसता पेपरची घडी करत राहिला. शेवटी कसंबसं म्हणाले, "या, दादा. शालन, चहा ठेव."

"मी चाय पीत नाय," दादा म्हणाले.

भाऊजींनी शालनताईंकडे पाहिलं. "पीत नाहीत?"

"कधीच नाही प्यायले," शालनताई दारातून म्हणाल्या.

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतकं मनापासून लिहायचात. कसं सांगू?"

"आरं ते सोड," दादा धापा टाकत म्हणाले. "घसा सुकलाय माजा. पानी दे."

पाणी द्यायला लेक दारातच उभी होती, पण दादा बोलले ते भाऊजींकडे बघून. त्या घरात, त्या माणसाच्या हातचं पाणी, आणि मागणारा हा म्हातारा. तोंडातून गेल्यावर बहुधा त्यांच्याही लक्षात आलं. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. खुर्चीच्या हातावर हात ठेवून ते वाट बघत राहिले.

भाऊजींनी पेला भरून आणला तो अर्धा वाटेतच सांडला. दादांनी तो घेतला. गावाकडचे पुष्कळ लोक पेला उंच धरून वरून पितात, तसं ते पितील असं मला वाटलं होतं. ते ओठ लावून प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि मिशा पुसल्या. श्वास जागेवर आला तसा रागही आला.

"आता बोल. समद्या गावात सांगत सुटलायस. कवा आलो रं मी तुज्या घरा?"

भाऊजी म्हणाले, "आत्ता, दादा."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. हसू दाबायचा त्यांनी खूप प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही, काठी हातातून पडेपर्यंत हसले. हसता हसताच मान वळवून पहिल्यांदा लेकीकडे बघितलं. "वाळलीस गो, शाले," म्हणाले. शालनताई पिठाच्या हातांनीच त्यांच्या पायाशी जाऊन बसल्या आणि इतक्या वर्षांचं एकदम रडल्या. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले.

भाऊजी रिकामा पेला घेऊन आत गेले ते बाहेरच येईनात. मी बघायला गेले. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस माठापाशी पेला दोन्ही हातांत धरून उभा होता, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला बघून त्या पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "हे मी कधी लिहिलं नव्हतं हो. पाणी मागतील असं लिहायची माझी हिंमतच झाली नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात बाहेरून दादांचा आवाज आला, "ओ जावाय, आनखी येक पेला आना."

भाऊजींनी मान वर केली. "आलो, दादा," म्हणाले आणि पेला धरला माठाच्या तोटीखाली.